धरण शेजारी, मग शहापूरला टँकर का?
ठाण्यात वर्षानुवर्षं ऐकतोय, शहापूरला भातसा, तानसा अशी धरणं असून टँकर लागतो म्हणजे गाववाल्यांनाच पाणी सांभाळता येत नाही. साफ चुकीचं आहे हे. ते पाणी मुख्यतः शहरांकडे येतं, आणि पाडे उंचावर, धरण डोळ्यांना दिसतं पण पाणी वर चढवायला पंप, पाइप, वीज लागते. २०१९च्या जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे गावात घरोघरी नळ द्यायच्या केंद्राच्या योजनेत, माणशी रोज ५५ लिटर ठरलंय, पण नळ बसवला की झालं असं नाही ना, पुढे वीजबिल, क्लोरीन, व्हॉल्व्ह सोडणारा माणूस, हे सगळं छोट्या ग्रामपंचायतीने पाणीपट्टीतून भागवायचं. मे महिन्यात एका पाड्यावर बघितलं, मोटर जळालेली, रिवाइंडिंगला पैसे नाहीत, कोरड्या नळाखाली हंड्यांची रांग. गावच्या पाणी समितीला ट्रेनिंग, जवळचा मेकॅनिक आणि दुरुस्तीचा फंड मिळायलाच हवा.