मोडण्यासाठीच असलेला तुकडा

पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरचा धक्का लागला आणि माझी सायकल उजव्या अंगावर आडवी झाली. उचलली तर मागचा डिरेलर साखळीला लोंबकळतोय. साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा हा महागडा भाग शाबूत होता, फ्रेमवरही ओरखडा नव्हता. मोडला होता दोघांना जोडणारा, अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा. त्याला हँगर म्हणतात.

दुकानात गेलो तर पहिला प्रश्न, "फ्रेम कुठली, वर्ष कुठलं?" कारण हँगरचे शेकडो आकार आहेत, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. 2019 मध्ये स्रॅम कंपनीने सगळ्यांना चालेल असा एकच आकार आणला खरा, पण माझी फ्रेम त्याआधीची. म्हटलं, घरीच करू.

शेजारचे काका म्हणाले, "अरे, लोखंडाचा कर, म्हणजे परत मोडायला नको." नेमकं तेच करायचं नसतं. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घातली तर पुढच्या वेळी फ्यूज राहतो आणि वायरिंग जळतं. हँगर हा सायकलचा फ्यूज आहे. तो लोखंडाचा केला तर पडण्याचा सगळा मार फ्रेमच्या टोकावर येईल, आणि ॲल्युमिनियमची फ्रेम तिथे वाकली की सहसा भंगारातच जाते.

पण फार मऊही चालत नाही. खिडक्यांच्या सेक्शनचं ॲल्युमिनियम बहुधा 6063 जातीचं असतं, थोडं नरम. मी 6061-टी6 ची 10 मिमी जाड पट्टी घेतली. त्यातल्या 'टी6'ला एक गोष्ट आहे. 1906 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझवत होता. शनिवारी थोडी मोजमापं घेऊन तो घरी गेला, सोमवारी येऊन पुन्हा मोजलं तर तोच तुकडा बराच कडक झालेला! नुसता पडून राहून. विझवताना आत अडकलेले परके अणू सावकाश एकत्र येऊन बारीक पुंजके करतात आणि धातूच्या अणूंच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत, हे पुढे उलगडलं. 1938 मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी त्या पुंजक्यांच्या खुणा पकडल्या. 6061 मध्ये हे काम मॅग्नेशियम आणि सिलिकॉन करतात, आणि 'टी6' म्हणजे विझवल्यावर भट्टीत मंद आचेवर मुरवलेलं. म्हणून ही पट्टी गॅसवर तापवून वाकवायची नाही. पुंजके फुगून विरळ होतात आणि कमावलेला कडकपणा जातो.

मोडक्या हँगरचे दोन्ही तुकडे जुळवून चिकटवले, स्कॅनरवर ठेवले, मूळ मापातच प्रिंट काढली आणि कागद पट्टीवर डकवला. भोकांच्या जागी सेंटर पंचाने खूण केली, नाहीतर ड्रिल घसरतं. मग हॅक्सॉ आणि कानस. ॲल्युमिनियमचा कीस कानशीच्या दातांत रुतून बसतो आणि मग तीच कानस कामावर खोल ओरखडे काढते. आधी कानशीवर खडू घासला की कीस झटकून निघतो. आतले कोपरे मी गोल कानशीने गोलाईत घेतले. तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो आणि चीर तिथूनच सुरू होते. आडव्या ओरखड्यांचंही तेच, म्हणून शेवटी पॉलिश पेपर लांबीच्या दिशेनेच फिरवला. सगळ्यात वेळ खाल्ला तो मागच्या छोट्या जिभेने. डिरेलरचा एक स्क्रू तिच्यावर टेकतो, ती एखाद मिलिमीटर चुकली तरी डिरेलरचा कोन बिघडतो.

खरी परीक्षा आट्यांची. भोकात आटे पाडणारं हत्यार म्हणजे टॅप, आणि दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच. दुकानात 'दहाचा टॅप' मागितला की दीड मिलिमीटर पिचचा मिळतो. 'बारीक आट्यांचा' म्हटलं तर अनेकदा सव्वाचा. डिरेलरला लागतो दहा बाय एक, म्हणजे व्यास 10 मिमी, पिच 1 मिमी. टॅपच्या व्यासातून पिच वजा केलं की भोक निघतं, म्हणजे 9 मिमी. भोकापाशी पट्टी कानशीने 8 मिमीवर आणली होती. तेवढ्या जाडीत दीडचे जेमतेम पाच आटे बसले असते, एकचे आठ बसतात, आणि मऊ धातूत ते तीन जास्तीचे आटे मोलाचे. दोन थेंब रॉकेल, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅप सरळ उतरतोय की नाही ते गुण्या लावून दोन बाजूंनी पाहिलं. तिरका टॅप म्हणजे तिरका डिरेलर.

आणि तिरकेपणाला इथे जागाच नाही. दहा चकत्यांच्या कॅसेटमध्ये शेजारच्या दोन चकत्यांमध्ये 4 मिमीहूनही कमी अंतर असतं. ते तपासायची एक भारी युक्ती आहे. जुन्या, नटाच्या मागच्या ॲक्सलला, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याला, बहुधा दहा बाय एकचेच आटे असतात! हँगर फ्रेमवर बसवला आणि त्याच्या भोकात दुसऱ्या सायकलच्या मागच्या चाकाचा ॲक्सल फिरवला. आता दोन चाकं शेजारी शेजारी. हँगर सरळ असेल तर ती समांतर दिसणार. रिमचा व्यास साधारण 62 सेंमी, म्हणजे एका अंशाचा तिरकेपणा रिमच्या दोन टोकांशी सुमारे 11 मिमीचा फरक दाखवतो. डोळ्याला न दिसणारी चूक साध्या पट्टीने मोजता येते.

माझा फरक वर-खाली 2 मिमी आला, पुढे-मागे 7. चाकालाच तरफ करून हळूच एकदा ओढलं, तोही 2 वर आला. पण असं एखाददुसऱ्या वेळीच करावं. ॲल्युमिनियम वाकवत राहिलं की तडकतं.

फोर्क, हँडलचा दांडा, ब्रेक यांच्या वाटेला मात्र मी घरी जाणार नाही. ते मोडले तर गिअर नाही, दात जातात.

पट्टी उरली होती, त्यातून दुसरा हँगरही केला. तो सीटखालच्या पिशवीत, पंक्चरच्या सामानाशेजारी असतो.