अंत्यबिंदू सुरक्षा प्रणाली व तिचे अद्ययावतन

अंत्यबिंदू सुरक्षा प्रणाली : संगणकजाळ्याच्या टोकाशी, म्हणजे प्रत्यक्ष वापरकर्त्याच्या टेबलावर असलेल्या संगणकात बसवलेली आणि तेथेच राहून अपायकारक आज्ञावली ओळखणारी, अडवणारी व त्यांच्या हालचालींची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर प्रणाली. ‘एंडपॉइंट’ हा मूळ शब्द जाळ्याच्या प्रशासकांचा. वेशीवरील फायरवॉल आणि मधले सर्व्हर यांच्यापासून ही टोके वेगळी दाखवण्यासाठी तो वापरात आला. रोजच्या बोलण्यात ‘अँटिव्हायरस’ हेच नाव रुळले आहे. ते अपुरे असले, तरी चुकीचे म्हणता येत नाही. या प्रणालींत अलीकडे कोणती वैशिष्ट्ये आली आणि ती संगणकापर्यंत कशी पोचतात, याचा विचार येथे केला आहे.

अद्ययावतनाचे थर : ‘अपडेट’ या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे ओळखनोंदी, ज्यांना व्यवहारात ‘डेफिनिशन’ किंवा ‘सिग्नेचर’ म्हणतात. या दिवसातून अनेकदा येतात. दुसरी म्हणजे त्या नोंदी फायलींशी ताडून पाहणारे इंजिन. तिसरी म्हणजे एजंट (संगणकावर सतत चालणारी मुख्य आज्ञावली) व त्याचे ड्रायव्हर (कार्यकारी प्रणालीच्या गाभ्याशी जोडणारे भाग), ज्यांच्या नव्या आवृत्त्या साधारणपणे महिन्याच्या अंतराने येतात. चौथी म्हणजे वर्तननियम : कोणत्या प्रक्रियेने कोणती कृती केल्यास ती संशयास्पद मानावी, याची यादी. याखेरीज, विक्रेत्याच्या मेघसेवेत (‘क्लाउड’मध्ये) होणारे बदल संगणकावर काहीही न उतरवता त्याचे वागणे बदलतात. ओळखनोंदी आणि वर्तननियम यांना निर्माते ‘मजकूर’ समजतात, ‘कोड’ समजत नाहीत. त्यामुळे त्यांची चाचणी कोडइतकी कडक नसे. ही विभागणी कितपत खरी आहे, हा या क्षेत्रातला अलीकडचा सर्वांत महागडा प्रश्न ठरला. त्याचा परामर्श पुढे घेतला आहे.

उगम : या प्रकारची पहिली आज्ञावली कोणती, याविषयी एकमत नाही. पुष्कळ लेखक ‘रीपर’चे नाव घेतात. बीबीएन या अमेरिकी संस्थेतील बॉब टॉमस यांनी १९७१च्या सुमारास ‘क्रीपर’ ही आज्ञावली लिहिली. ती आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावरील, टेनेक्स या कार्यकारी प्रणालीच्या पीडीपी-१० संगणकांमधून फिरत असे. तिला शोधून पुसणारी ‘रीपर’ रे टॉमलिन्सन यांची, असे सामान्यतः मानले जाते. तिचा काळ बहुधा १९७२ सांगितला जातो. तथापि क्रीपर हा प्रयोग होता, त्यात अपाय करण्याचा हेतू नव्हता. शिवाय रीपर स्वतःच जाळ्यावर फिरत असल्याने तिचे नाते संरक्षकापेक्षा क्रीपरशीच जवळचे दिसते. तिला आजच्या प्रणालींची पूर्वज म्हणणे थोडे ओढूनताणून होते.

दुसरा पक्ष १९८७ हे वर्ष धरतो. त्या वर्षी जर्मनीत बेर्न्ट फिक्स यांनी ‘व्हिएन्ना’ विषाणू निकामी केला. याच सुमारास जी-डेटा या जर्मन कंपनीची अटारी एसटी संगणकासाठीची आज्ञावली, रॉस ग्रीनबर्ग यांची ‘फ्लूशॉट प्लस’, पीटर पाश्को व मिरोस्लाव्ह त्र्न्का यांची चेकोस्लोव्हाकियातील ‘नॉड’ आणि जॉन मॅकॅफी यांची कंपनी पुढे आली. यांतील नेमके पहिले कोण, हे ‘पहिले’ या शब्दाच्या व्याख्येवर अवलंबून आहे. अद्ययावतनाच्या दृष्टीने पाहता अधिक उपयुक्त कसोटी वेगळी आहे : ओळखीची यादी मूळ आज्ञावलीपासून केव्हा सुटी झाली? एकाच विषाणूवर उतारा असलेल्या साधनात नवा विषाणू घालायचा, तर सगळी आज्ञावली पुन्हा लिहावी लागे. यादी वेगळी झाली, तेव्हाच ‘अपडेट’ या गोष्टीला अर्थ आला. हा बदल एका दिवसात झालेला नाही. फ्लॉपीवरून टपालाने नवी यादी पाठवण्याची पद्धत १९९०च्या आसपास स्थिरावली, एवढे सावधपणे म्हणता येते.

सैद्धांतिक मर्यादा : अद्ययावतन कधीच का संपत नाही, याचे उत्तर फ्रेड कोहेन यांच्या संशोधनात आहे. त्यांनी १९८३मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात विषाणूचे नियंत्रित प्रयोग केले. ‘व्हायरस’ ही उपमा त्यांचे मार्गदर्शक लेन ॲडलमन यांची. सर्व विषाणू अचूक ओळखणारी आणि निर्दोष आज्ञावलीला कधीही दोषी न ठरवणारी पद्धत असूच शकत नाही, हे कोहेन यांनी सिद्ध केले. युक्तिवाद छोटा आहे. अशी परिपूर्ण परीक्षक आज्ञावली आहे, असे घटकाभर धरा. आता एक आज्ञावली अशी लिहा, की ती आधी त्या परीक्षकालाच विचारते, ‘मी विषाणू आहे का?’ ‘होय’ असे उत्तर आल्यास ती काहीच करत नाही. ‘नाही’ आल्यास पसरू लागते. दोन्ही वेळा परीक्षक खोटा पडतो. म्हणून प्रत्यक्षातली प्रत्येक प्रणाली अंदाजावर चालते आणि अंदाज दुरुस्त करत राहावे लागते.

शोधपद्धतींचा विकास : आरंभीची पद्धत विषाणूतील ठरावीक अक्षरक्रम फायलींशी जुळवून पाहण्याची. एका वाचनात हजारो नमुने शोधण्यासाठी १९७५चे अहो-कोरासिक गणनतंत्र (अल्गोरिदम) सोयीचे ठरले आणि क्लॅमएव्हीसारख्या मुक्त प्रणालीत ते आजही आहे. मार्क वॉशबर्न यांच्या ‘१२६०’ या विषाणूने (१९९०) दर प्रतीत रूप बदलायला सुरुवात केल्यावर ही पद्धत तोकडी पडली. मग संशयित आज्ञावली आभासी प्रोसेसरवर थोडी चालवून, तिने स्वतःचे आवरण उतरवल्यावर तपासण्याची रीत आली. प्रणाली चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी ६८ अक्षरांची निरुपद्रवी आयकार चाचणी-फाईल वापरतात. ती सापडली, तर प्रणाली जागी आहे एवढेच कळते, तिची गुणवत्ता कळत नाही.

कर्नेलमधील प्रवेश : फाईल उघडण्याच्या क्षणीच तपासायची, तर कार्यकारी प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, जागा हवी. पूर्वी निर्माते विंडोजच्या अंतर्गत तक्त्यांमध्ये स्वतःचे पत्ते घुसवत. २००५पासून ६४-बिट विंडोजमध्ये पॅचगार्ड या यंत्रणेने ही वाट बंद केली. त्यावर २००६मध्ये, ‘व्हिस्टा’ या नव्या विंडोजच्या तोंडावर, मोठ्या सुरक्षा कंपन्यांनी जोरदार आक्षेप घेतला. अखेर मायक्रोसॉफ्टने अधिकृत दारे उपलब्ध केली : फायलींसाठी मिनिफिल्टर, जाळ्यासाठी फिल्टरिंग प्लॅटफॉर्म आणि प्रक्रिया सुरू होताच सूचना देणारी प्रति-आवाहने (‘कॉलबॅक’). विंडोज ८मध्ये (२०१२) सुरक्षा ड्रायव्हरला इतर ड्रायव्हरांच्या आधी सुरू होण्याची मुभा मिळाली. विंडोज १०मधील (२०१५) ‘आम्सी’ या सोयीमुळे पॉवरशेलसारख्या भाषांतील स्क्रिप्ट, तिचे सगळे आवरण उलगडल्यावर, अंमलबजावणीच्या ऐन क्षणी तपासता येऊ लागली. डिस्कवर फाईलच न ठेवणाऱ्या हल्ल्यांना हे उत्तर होते. ॲपलने मॅकओएस कॅटालिनामध्ये (२०१९) सुरक्षा प्रणालींसाठी कर्नेलबाहेरून चालणारी चौकट दिली आणि कर्नेल-विस्तारांना हळूहळू निरोप दिला. लिनक्सवर कर्नेल-मॉड्यूलऐवजी ईबीपीएफ (कर्नेलमध्ये छोट्या आज्ञावली बंधनात चालवण्याची सोय) वापरण्याकडे कल आहे. तेथे कोड चालवण्याआधी कर्नेलच त्याची पडताळणी करतो.

अलीकडची वैशिष्ट्ये : २०१३मध्ये गार्टनर या सल्लागार कंपनीचे विश्लेषक ॲन्टन चुवाकिन यांनी ‘शोध व प्रतिसाद’ साधनांचा नवा वर्ग नावारूपाला आणला; ‘ईडीआर’ हे त्याचे आजचे संक्षिप्त रूप. जुना अँटिव्हायरस ‘ही फाईल वाईट आहे का?’ असे विचारत असे. ईडीआर मात्र प्रक्रियांची वंशावळ, जाळ्यावरील जोडण्या आणि विंडोजच्या नोंदवहीतील (‘रजिस्ट्री’तील) बदल टिपत राहते, आणि घटना घडून गेल्यावरही उलट माग काढू देते. हल्लेखोरांच्या रीतींना मायटर संस्थेच्या ‘अटॅक’ सारणीतील क्रमांक लावण्याचा प्रघात आता सर्वत्र आहे. ‘एक्सडीआर’ (विस्तारित शोध व प्रतिसाद) हा पुढचा शब्द अंशतः तंत्राचा, अंशतः विक्रीखात्याचा आहे.

खंडणीखोर आज्ञावलींनी, म्हणजे रॅन्समवेअरने, वैशिष्ट्यांची दिशा बदलली. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने वापरलेल्या फटीवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दुरुस्ती दिली होती, ती न बसवलेले संगणक बळी पडले. त्याच वर्षी विंडोज १०मध्ये निवडक फोल्डरांत अनोळखी आज्ञावलीला लिहू न देण्याची सोय आली. इतर प्रणालींत फसव्या फायली पेरणे, एकामागोमाग होणारे कूटबद्धीकरण हेरून प्रक्रिया थांबवणे आणि बदललेल्या फायली पूर्ववत करणे ही वैशिष्ट्ये आहेत. हल्लेखोर आता आधी संरक्षकालाच गप्प करतात. त्यासाठी ते वैध सही असलेला पण सदोष असा जुना ड्रायव्हर सोबत आणून त्याच्याकरवी कर्नेलमध्ये शिरतात. म्हणून ‘छेडछाड-रोध’ आणि सदोष ड्रायव्हरांची काळी यादी यांना महत्त्व आले. विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीपासून ही यादी मूळातच चालू असते.

फसलेली अद्ययावतने : २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या ओळखनोंदींनी विंडोज एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही मूळ फाईलच विषाणू ठरवली आणि संगणक पुन:पुन्हा बंद-चालू होऊ लागले. चूक ओळखीची होती; कोड आपले काम ठरल्याप्रमाणेच करत होता.

१९ जुलै २०२४ची घटना जातीने वेगळी आहे आणि तिचा तपशील पाहण्यासारखा आहे. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या फाल्कन प्रणालीत वर्तननियम ‘चॅनेल फाइल’ नावाच्या फायलींतून येत. फेब्रुवारी २०२४मधील ७.११ या आवृत्तीत प्रक्रियांमधील संवादावर लक्ष ठेवणारा नवा नियमप्रकार आला. त्याच्या व्याख्येत २१ रकाने होते. ते भरणारा कोड मात्र २०च मूल्ये देत असे. पुढचे काही महिने प्रत्येक नियमात २१व्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे चिन्ह होते, त्यामुळे तो रकाना कोणी वाचतच नव्हते. १९ जुलैला समन्वित वैश्विक वेळेनुसार ०४:०९ वाजता आलेल्या २९१ क्रमांकाच्या फायलीतील एका नियमाने प्रथमच २१व्या रकान्यात प्रत्यक्ष मूल्य मागितले. कर्नेलमधील कोडने यादीच्या हद्दीबाहेरची स्मृती वाचली आणि विंडोज कोसळली. फाईल ०५:२७ला मागे घेतली गेली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. त्यांपैकी बहुतेकांवर माणसाने प्रत्यक्ष जाऊन, सेफ मोडमध्ये ती फाईल पुसावी लागली. ज्या संस्थांनी खबरदारी म्हणून एजंटची एक-दोन आवृत्त्या मागची प्रत ठेवली होती, त्याही सुटल्या नाहीत. आवृत्तीवरचे ते नियंत्रण एजंटपुरते होते. मजकूर सर्वांना एकाच वेळी जात होता.

यानंतर क्राउडस्ट्राइकने हद्दीची तपासणी, मजकुराचे टप्प्याटप्प्याने वितरण आणि त्यावर ग्राहकाचे नियंत्रण या सुधारणा केल्या. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरमध्ये बीटा, पूर्वावलोकन, टप्पेवार व व्यापक अशा वाहिन्या त्याआधीपासून होत्या. सप्टेंबर २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांची बैठक घेतली आणि त्यानंतर सुरक्षा प्रणाली कर्नेलबाहेरून चालू देणाऱ्या नव्या विंडोज चौकटीचे मर्यादित पूर्वावलोकन २०२५च्या मध्यास निवडक भागीदारांना देण्याचे जाहीर केले.

कर्नेल सोडणे हाच उपाय आहे काय, यावर दोन मते आहेत. विरोधकांच्या मते वेग, लवकर सुरू होण्याची क्षमता आणि छेडछाडीपासून बचाव हे तिन्ही कर्नेलमध्येच नीट साधतात. २००९मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपीय आयोगाला दिलेल्या वचनामुळे तिला हे दार बंद करता येत नाही, असेही सांगितले गेले. मात्र स्वतःच्या सुरक्षा उत्पादनांना मिळतात तीच दारे इतरांनाही द्यावीत, असा त्या वचनाचा आशय आहे. दोघांनाही बाहेरून चालवण्याची सक्ती केल्यास त्याचा भंग होतो असे दिसत नाही. मॅकओएसचा अनुभव कर्नेलबाहेरच्या बाजूने बोलतो. अर्थात ॲपलच्या बंदिस्त यंत्रसामग्रीवरचा अनुभव विंडोजला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

अद्ययावतन हाच हल्ल्याचा मार्ग : २०१२मध्ये उघड झालेल्या ‘फ्लेम’ या अपायकारक आज्ञावलीने एमडी५ या कमकुवत संक्षेपतंत्राचा फायदा घेऊन मायक्रोसॉफ्टची सही बनावट केली आणि विंडोज अपडेटचा वेश घेतला. एप्रिल २०२४मध्ये अवास्टच्या संशोधकांनी ‘गुप्तीमायनर’ या अपायकारक आज्ञावलीची माहिती प्रसिद्ध केली; ई-स्कॅन या अँटिव्हायरसची अद्ययावतने असुरक्षित एचटीटीपीवरून येत असल्याने ती वाटेतच बदलता येत होती (हा दोष २०२३मध्येच दूर करण्यात आला होता). तपासणारे इंजिनही सुरक्षित नसते, कारण अनोळखी फाईल उलगडणे हेच त्याचे काम. गूगलचे टॅव्हिस ऑर्मंडी यांनी २०१६–१७मध्ये सिमँटेक व मायक्रोसॉफ्टच्या इंजिनांतील गंभीर दोष दाखवले; २०१८मध्ये डिफेंडरचे इंजिन वेगळ्या बंदिस्त कप्प्यात चालवण्याची सोय आली.

चाचण्या : ‘व्हायरस बुलेटिन’ची व्हीबी१००, जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज यांचे निकाल प्रसिद्ध होतात, चाचणीचे संकेत ठरवण्यासाठी २००८मध्ये ॲम्टसो ही संघटना स्थापन झाली. ओळख मेघसेवेवर अवलंबून राहू लागल्यापासून एका गोठवलेल्या नमुनासंचावरची तुलना पूर्वीइतकी बोलकी राहिलेली नाही. जाळ्यापासून तोडलेल्या संगणकांवर ओळखनोंदी वेगळ्या माध्यमातून न्याव्या लागतात, आणि तेथे मेघसेवेवरची वैशिष्ट्ये चालत नाहीत.

कार्यकारी प्रणालीची दुरुस्ती आणि ओळखनोंदी हे स्वतंत्र प्रवाह आहेत. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यावरील डिफेंडरच्या ओळखनोंदी मात्र ऑक्टोबर २०२८पर्यंत देण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. या नोंदींनी विंडोजमधील फटी बुजत नाहीत.