वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानमार्ग

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या शेजारच्या बेटांदरम्यान चालणारी प्रवासी विमानसेवा. वेळापत्रकानुसार चालणाऱ्या विमानसेवांमधला हा जगातला सर्वांत छोटा मार्ग असल्याची गिनीजमध्ये नोंद आहे. दोन्ही विमानतळांमधील अंतर सुमारे २.७ किमी. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीच जवळपास ३.४ किमी लांब आहे. हा अख्खा प्रवास तिच्यावर मावेल आणि वर जागा उरेल.

लोगनएअर ही स्कॉटिश कंपनी १९६७ पासून ही सेवा चालवते. वेळापत्रकात या टप्प्याला दोन मिनिटे दिलेली असतात, सर्वांत जलद उड्डाण मात्र ५३ सेकंदांत झाले आहे. येथे वापरले जाणारे ब्रिटन-नॉर्मन आयलंडर हे दोन इंजिनांचे पंख्याचे विमान ताशी साधारण २४० किमी वेगाने जाऊ शकते. नुसता भागाकार केला तर २.७ किमीला ४० सेकंद पुरावेत. पण विमान तो वेग गाठण्याआधीच उतरायची तयारी सुरू होते. शिवाय विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि तसेच उतरते. वारा आडवातिडवा असेल तर वळसा आलाच. लांबच्या प्रवासात चढण्या-उतरण्यात जाणारी पाच-दहा मिनिटे हिशेबात जाणवत नाहीत. इथे सगळा प्रवासच चढण्या-उतरण्याचा आहे, त्यामुळे नकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या अंतरावरून वेळ सांगता येत नाही, त्या दिवशीचा वारा पाहावा लागतो.

विमानात आठेक प्रवासी बसतात. सहवैमानिक नसतो, त्यामुळे एका प्रवाशाला थेट वैमानिकाशेजारची जागा मिळते आणि सगळी घड्याळे, काटे त्याच्या डोळ्यांसमोर असतात. खाणेपिणे देण्याचा प्रश्नच येत नाही.

ही फेरी निव्वळ विक्रमासाठी चालते असा समज होणे साहजिक आहे. तो खरा नाही. विमान मुळात ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉल येथून निघते आणि दोन्ही बेटे घेऊन परतते. एसटीने वाटेत दोन गावे घ्यावीत तसाच हा प्रकार, आणि जगप्रसिद्ध झालेला टप्पा म्हणजे त्यातले दोन थांब्यांमधले अंतर. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आसपास. स्थानिक लोक बेटाला ‘पापे’ म्हणतात. शिक्षक, डॉक्टर, कामानिमित्त ये-जा करणारे बेटकरी यांना विमानाचा मोठा आधार आहे. पर्यटकही येतात. त्यांतले काही केवळ उड्डाणाच्या प्रमाणपत्रासाठी, तर काही नॅप ऑफ हॉवर पाहायला. ही दगडी घरांची जोडी पाच हजार वर्षांहून जुनी असून उत्तर युरोपात अजून उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या घरांत तिची गणना होते. दोन मिनिटांसाठी आलेल्याने ती न पाहता परतणे म्हणजे पंढरपुरापर्यंत जाऊन चंद्रभागेवरूनच मागे फिरण्यासारखे आहे.

दोन बेटांमध्ये होडीही चालते. तिला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. समुद्रावरून धुके आत आले की मात्र विमान कर्कवॉललाच थांबून राहते, आणि दोन मिनिटांच्या प्रवासासाठी तासन्‌तास वाट पाहावी लागते.