मधुमेह व हॉर्मोन-विकारांवरील क्लिनिकल संशोधन (मुंबई)

माणसांना प्रत्यक्ष सहभागी करून घेऊन रोगाचे कारण, निदान, उपचार किंवा प्रतिबंध यांचा केलेला पद्धतशीर अभ्यास म्हणजे क्लिनिकल संशोधन. नव्या औषधाची चाचणी हा त्याचा सर्वांत चर्चेतला प्रकार. पण रुग्णांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास, दोन तपासण्यांची तुलना, आहारातील बदलाचा प्रयोग हेही त्यातच येतात. मुंबईपुरते बोलायचे तर मधुमेह आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवरचे येथील लक्षणीय काम बरेचसे औषध कंपन्यांच्या बाहेर झालेले आहे, आणि त्यातला मोठा वाटा महापालिकेच्या व सरकारी संस्थांचा आहे.

या कामाचे केंद्र परळ. गिरणगावाच्या या भागात केईएम रुग्णालय, मुलांसाठीचे वाडिया रुग्णालय, टाटा स्मारक रुग्णालय आणि प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. केईएम १९२६ मध्ये सुरू झाले. तेथेच काम करणारे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामाचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. विषय हॉर्मोनचा नव्हता, पण परळच्या वॉर्डात रुग्ण नीट तपासून, आकडे मांडून जगाला काही सांगता येते हे त्यातून दिसले.

केईएमचा एंडोक्रायनॉलॉजी (अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचा) विभाग आज देशातील नावाजलेल्या विभागांपैकी आहे. डॉ. नलिनी शहा आणि त्यांच्यानंतर डॉ. तुषार बंडगर यांच्या नेतृत्वाखाली येथे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीच्या गाठी, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीचे ट्यूमर, जन्मजात हॉर्मोन-दोष अशा विकारांच्या मोठ्या रुग्णमालिका प्रसिद्ध झाल्या. हे विकार लाखांत काहींनाच होतात. खासगी दवाखान्यातील डॉक्टरला असा रुग्ण आयुष्यात एखाददुसरा दिसतो. केईएमच्या ओपीडीत मात्र राज्यभरातून आणि राज्याबाहेरूनही चिठ्ठी घेऊन पाठवलेले रुग्ण जमतात, कारण येथे उपचार परवडतात. ओपीडीची गर्दी हा मुंबईकरांच्या तक्रारीचा विषय असतो. या विभागाच्या संशोधनाला मात्र तीच गर्दी पुरवठा करते.

‘ऑन्कोजेनिक ऑस्टिओमलेशिया’ हे याचे बोलके उदाहरण. शरीरात कुठेतरी, बहुधा हातापायात किंवा चेहऱ्याच्या हाडांजवळ, लहानशी आणि सहसा निरुपद्रवी गाठ असते. ती एफजीएफ-२३ नावाचे हॉर्मोन प्रमाणाबाहेर तयार करते, त्यामुळे लघवीवाटे फॉस्फेट निघून जाते आणि हाडे मऊ पडतात. रुग्णाला चालता येईनासे होते. संधिवात, कंबरदुखी, ड जीवनसत्त्वाची कमतरता अशा नावांनी वर्षानुवर्षे उपचार चालतात. रक्तातले फॉस्फेट मोजायचे कोणाच्या मनात येत नाही. निदान झाले तरी गाठ सापडणे अवघड. केईएममधील डॉक्टरांनी २०१४ मध्ये अवघ्या ९ रुग्णांची मालिका प्रसिद्ध करून दोन प्रकारच्या पेट स्कॅनची (शरीरात दिलेले किरणोत्सारी द्रव्य कुठे साठते ते टिपणाऱ्या तपासणीची) तुलना केली. गाठ शोधण्यात सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरवर, म्हणजे सोमॅटोस्टॅटिन हे हॉर्मोन पकडणाऱ्या पेशींवरील रेणूंवर, आधारलेला स्कॅन सरस ठरला. गाठ पूर्ण काढली की अंथरुणाला खिळलेला माणूस पुन्हा चालू लागतो. ९ ही संख्या औषधचाचणीच्या मापाने नगण्य आहे, दुर्मीळ रोगात ती तशी नाही.

थायरॉइडवरील कामाला अणुऊर्जा कार्यक्रमाची जोड मिळाली. आज भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९६३ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात रेडिएशन मेडिसिन सेंटर उभारले. थायरॉइड ग्रंथी आयोडीन शोषून घेते. त्यामुळे किरणोत्सारी आयोडीन-१३१ दिले की ते थेट ग्रंथीत पोचते आणि तिचे काम मोजता येते, किंवा जास्त मात्रेत कर्करोगाच्या पेशी नष्टही करता येतात. या समस्थानिकाचा अर्धायुकाल (निम्मे द्रव्य विघटित व्हायला लागणारा काळ) साधारण ८ दिवसांचा, म्हणजे साठवून ठेवण्याजोगी ही वस्तू नाही. ते बनवणारी ट्रॉम्बेची अणुभट्टी आणि परळचा रुग्ण एकाच शहरात असणे सोयीचे ठरले. लहान मुलांच्या बाबतीत वाडिया रुग्णालयातील डॉ. मीना देसाई यांचे काम पायाभूत मानले जाते. नवजात बाळांची थायरॉइड तपासणी करण्याचे प्रयत्न त्यांनी भारतात फार लवकर हाती घेतले. जन्मजात थायरॉइड कमतरता पहिल्या काही आठवड्यांत ओळखली तर रोजच्या स्वस्त गोळीने मुलाची बौद्धिक वाढ वाचते. म्हणून ही तपासणी सर्वत्र सक्तीची नसणे खटकते.

स्त्रियांमधील पीसीओएस या हॉर्मोन-विकारावर (अनियमित पाळी, पुरुषी हॉर्मोनचे जास्त प्रमाण, अंडाशयात अनेक लहान पुटिका) परळच्याच राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत काम चालते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ही संस्था १९७० मध्ये प्रजनन संशोधन संस्था म्हणून आकाराला आली. तिच्या संशोधकांनी मुंबईतील १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला. रॉटरडॅम निकष (निदानाचे तुलनेने सैल निकष) लावले तर पीसीओएसचे प्रमाण २२.५ टक्के, आणि अधिक कडक निकष लावले तर १०.७ टक्के. मुली त्याच, तपासण्याही त्याच. ‘दर पाचवीला पीसीओएस’ असे मथळे वाचताना निकष कोणता होता हे आधी विचारावे ते यासाठी.

मधुमेहाच्या बाजूने पाहता डॉ. श्री. श. आजगावकर यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि पुढे माहीम येथे मधुमेहाला वाहिलेले रुग्णालय उभे राहिले.

मुंबईत झालेला सर्वांत वेगळा प्रयोग मात्र रुग्णालयात झालाच नाही. वांद्र्याच्या सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज या संस्थेने डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांसह ‘सरस’ प्रकल्प राबवला. प्रश्न असा होता : मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना गरोदर राहण्याआधीपासून चांगले खायला मिळाले, तर बाळाचे वजन वाढेल का? ६,५१३ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज मिळे. दुसऱ्या गटाला बटाटा, कांदा अशा कमी पोषक भाज्यांचा. खाऊ कार्यकर्त्यांच्या समोर खायचा, म्हणजे तो घरी नेऊन मुलांना वाटला जाण्याची शक्यता उरत नसे. (ही अट घालणाऱ्याला घरातली आई चांगली ठाऊक असावी.)

बाळांच्या वजनात सरासरी २६ ग्रॅमचा फरक पडला, तोही संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस नव्हता. मुख्य प्रश्नाचे उत्तर जवळपास नकारार्थी आले. पण ग्लुकोज पाजून तपासणी झालेल्या १,००८ गरोदर स्त्रियांमध्ये वेगळेच काही दिसले : पोषक खाऊ मिळालेल्या गटात गर्भावस्थेतील मधुमेह ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. एवढा फरक पाडणारे औषध निघाले असते तर त्याची जाहिरात बसच्या पाठीवर झळकली असती. सावधगिरी मात्र हवी. मधुमेह हे या प्रयोगाचे मुख्य मोजमाप नव्हते आणि गरोदर राहिलेल्या सगळ्या स्त्रियांची ती तपासणी झाली नव्हती. तरीही गरिबांच्या आहारावर इतक्या शिस्तीने केलेला प्रयोग आपल्याकडे विरळाच.

शहरात मधुमेह किती, याचे आकडे पाहणीनुसार बदलतात. २००० साली सहा महानगरांत झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मुंबईचे प्रमाण ९.३ टक्के, सहांत सर्वांत कमी होते. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातील १८ टक्के लोकांची उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक निघाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘दुपटीने वाढ’ असे लिहिण्याचा मोह होतो, पण वयोगट आणि तपासणीची रीत दोन्ही वेगळ्या आहेत. वाढ झाली आहे यात शंका नाही. किती, ते या जोडीवरून ठरत नाही.

औषधचाचण्यांचा इतिहास कमी गोड आहे. हैदराबादेत शोधलेल्या आणि एका डॅनिश कंपनीने चाचणीला घेतलेल्या रागाग्लिटाझार या मधुमेहावरील औषधाच्या चाचण्या २००२ मध्ये थांबवाव्या लागल्या, कारण उंदीरवर्गीय प्राण्यांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्या. तोवर माणसांना औषध देऊन झाले होते. अशा प्रकरणांनंतर नियम हळूहळू कडक झाले. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून औषधचाचणीची नोंद सक्तीची झाली, २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले आणि २०१९ मध्ये सर्व तरतुदी नव्या नियमावलीत एकत्र झाल्या. गंभीर दुष्परिणाम झाल्यास संशोधकाने २४ तासांत कळवायचे असते. मुंबईतून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ने १९९३ पासून हे प्रश्न सातत्याने लावून धरले.

मुंबईत मुख्यालय असलेल्या ग्लेनमार्कने २०१९ मध्ये रेमोग्लिफ्लोझिन हे मधुमेहावरील औषध बाजारात आणले. भारतीय रुग्णांवरील २४ आठवड्यांच्या चाचणीत ते आधीपासून वापरात असलेल्या डापाग्लिफ्लोझिन या औषधापेक्षा कमी पडत नाही असे दिसले. साखर उतरते, एवढे त्यातून सिद्ध होते. हृदय आणि मूत्रपिंड वाचतात का, याला अनेक वर्षांच्या आणि हजारो रुग्णांच्या चाचण्या लागतात.

प्रत्यक्ष काम चालवताना अडचणी निराळ्याच असतात. उपाशीपोटी रक्त द्यायला विरार किंवा बदलापूरहून पहिली गाडी पकडून परळला यायचे, दोन तासांनी पुन्हा सुई टोचून घ्यायची आणि रोजंदारी बुडवायची. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी कोकणात गेला की तपासणीची तारीख हुकते. नवरात्रात आणि रमजानमध्ये जेवणाच्या वेळा बदलतात, तसे साखरेचे आकडेही. संमतीपत्र मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा भाषांत द्यावे लागते. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार हवा, आणि काही चाचण्यांत संमतीचे चित्रीकरणही करावे लागते. ज्याचा केसपेपर त्याच रुग्णालयातला आहे आणि ज्याला दुसरीकडचे उपचार परवडत नाहीत, तो डॉक्टरला कितपत मोकळेपणाने ‘नको’ म्हणू शकतो, हे चित्रीकरणात दिसत नाही. नैतिकता समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य माणूस आणि कायदा जाणणारी व्यक्ती असावी, ही नियमातली अट त्यासाठीच आहे.