कडक हेडमास्तर म्हणजे चांगली शाळा? नाही हो!

हेडमास्तर दिसले की सगळे चिडीचूप, म्हणजे शाळा एकदम भारी, हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय पण ते खरं नाहीये. २००८ मध्ये शिक्षण-संशोधक विवियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितलं की मुख्याध्यापकाच्या कुठल्या कामाचा मुलांच्या शिकण्याशी किती संबंध आहे, तर शिस्तीचं, सुरक्षित वातावरण ठेवण्याचा परिणाम निघाला ०.२७ (आकडा जितका मोठा तितका परिणाम जास्त) आणि शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः उतरण्याचा ०.८४, तिपटीहून जास्त! शिस्त लागतेच, त्यात वाद नाही. पण वर्गात जाऊन बसणं, मुलं नेमकी कुठे अडकतायत ते शिक्षकांसोबत वह्या उघडून बघणं, हे काम जास्त मोलाचं, आणि कागदपत्रांच्या ढिगात नेमका त्यालाच वेळ उरत नाही याचं मला फार वाईट वाटतं.