छळ, कावा आणि चारसोबीस: फसवणुकीच्या शब्दांची पार्श्वभूमी

'सासरचा छळ' म्हटले की मारहाण, उपासमार, टोमणे डोळ्यांपुढे येतात. संस्कृतातल्या 'छल' शब्दात यातले काहीच नव्हते. तिथे त्याचा अर्थ सरळ कपट, लबाडी. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, तर 'छल' ही वादातली एक खोडी म्हणून नोंदली आहे आणि तिचे तीन प्रकारही दिले आहेत. त्यातल्या वाक्छलाचे जुने उदाहरण मराठीतही जसेच्या तसे चालते. कोणी म्हणाले, 'हा मुलगा नवकंबल आहे', म्हणजे याच्याकडे नवी कांबळी आहे. त्यावर समोरचा म्हणणार, 'नऊ कुठे आहेत? एकच तर दिसते!' बोलणाऱ्याचा अर्थ कळूनही 'नव'चा दुसरा अर्थ धरून बसायचे, हा छल.

'वंचित'चेही तेच. संस्कृतात वंचित म्हणजे फसवला गेलेला. आज मराठीत तो हक्काचे न मिळालेला. 'वंचना'त मात्र जुना अर्थ अजून तग धरून आहे. मला यात गंमत वाटते ती ही की, 'छळ' आणि 'वंचित' हे दोन्ही शब्द फसवणाऱ्याची चलाखी सोडून फसलेल्याच्या वाट्याला काय आले तिकडे सरकले. 'धूर्त' उलट्या वाटेने गेला. संस्कृतात तो जुगारी, ठक. मराठीत त्याला हल्ली थोडा कौतुकाचाही वास येतो. 'धूर्त राजकारणी' ही काही निव्वळ शिवी नव्हे.

मधल्या काळात भर पडली ती लष्करातून. कावा म्हणजे मुळात घोड्याला गोल रिंगणात फिरवणे. सरळ अंगावर न जाता वळसा घालायचा, ही चाल माणसाच्या वागण्याला लागली आणि 'कावेबाज' तयार झाला. गनीम म्हणजे शत्रू. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत. तरी 'गनिमी कावा' आपण अभिमानाने मिरवतो. फारसीतून आलेला 'दगा' फारसा बदलला नाही. 'फितूर' मात्र पुष्कळ बदलला. अरबीत 'फुतूर' म्हणजे शैथिल्य, ढिलेपणा. मराठीत तो शत्रूला आतून मिळालेला माणूस झाला. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी हे दोन्ही शब्द बोलण्यात टिकलेच. आता किल्ले नाहीत, पण कोर्टात साक्षीदार जबाब फिरवतो तेव्हा बातमीत तो 'फितूर'च होतो.

घरगुती बोलीत सगळा मारा डोक्यावर दिसतो: टोपी घालणे, शेंडी लावणे, डोक्यावरून हात फिरवणे. बनवणे, गंडवणे आणि थापा मारणे आहेतच.

शेवटची मोठी भर कायद्याची. 1860 च्या भारतीय दंड संहितेत फसवून मालमत्ता उकळण्याचा गुन्हा कलम 420 मध्ये होता. त्या आकड्याचे विशेषण झाले, तेही हिंदी उच्चारासकट: 'माणूस चारसोबीस आहे.' 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हा गुन्हा कलम 318 मध्ये गेला. नव्या संहितेत कलमेच 358 आहेत, म्हणजे 420 हा आकडाच उरलेला नाही. तरी अजून कोणी कोणाला 'तीनसो अठरा' म्हटलेले ऐकले नाही.