करवंदीची जाळी आणि तिचा काटा

मे महिन्यात कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाताना रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणांत डोंगराची काळी मैना विकायला आलेली असते. आपण द्रोण घेतो, ‘कोंबडा की कोंबडी’ म्हणत एकेक करवंद फोडून आतला रंग पाहतो आणि ओठांना लागलेला चीक पुसत पुढे निघतो. फळाचे एवढे कौतुक होते, पण हात ओरबाडणाऱ्या काट्याकडे मात्र कोणी नीट पाहत नाही. माझ्या मते करवंदीची ओळख त्या काट्यापासूनच करून घ्यायला हवी.

सगळे काटे एका जातीचे नसतात. गुलाबाचा काटा ही सालीवर आलेली वाढ असते. अंगठ्याने बाजूला रेटला की तो निखळतो. बोरीचे आणि बाभळीचे काटे म्हणजे उपपर्णांचे, अर्थात पानाच्या देठाशी येणाऱ्या इवल्या अवयवांचे, बदललेले रूप होय. करवंदीचा काटा या दोन्हींहून वेगळा आहे, कारण तो मुळात फांदी आहे. तो रेटून निघत नाही. त्याच्या आतले लाकूड आणि रसवाहिन्या खोडाशी सलग असतात, आणि काही काटे तर टोकाशी फांदीसारखेच दुभंगलेले दिसतात.

आता एखादी डहाळी हातात धरून तिचा शेंडा पाहावा. एरवी फांदी शेंड्यावरच्या कळीमुळे लांब होत जाते. करवंदीत ही कळीच काट्यांच्या जोडीत बदलते आणि फांदीची सरळ वाढ तिथेच थांबते. मग समोरासमोर असलेल्या पानांच्या बगलेतल्या कळ्या जाग्या होतात, दोन नव्या फांद्या फुटतात, थोड्या अंतरावर त्यांचेही शेंडे काटे बनतात, आणि हाच क्रम वर्षानुवर्षे चालल्यामुळे फांद्यांचे असे काही गुंतवळ तयार होते की त्यात हात घालणे कठीण व्हावे. ‘करवंदीची जाळी’ हा आपल्या बोलीतला शब्द म्हणूनच मला वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक वाटतो.

करवंद ज्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, मोडते तिला कॅरिसा हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1767 मध्ये दिले. या प्रजातीत मोजक्याच जाती आहेत. आपल्या करवंदीचे शास्त्रीय नाव कॅरिसा करंडास असून त्यातला ‘करंडास’ हा शब्द भारतीय नावावरूनच घेतलेला आहे. कॅरिसा स्पायनॅरम ही जात आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे, तर मोठ्या लाल फळांची कॅरिसा मॅक्रोकार्पा मूळची दक्षिण आफ्रिकेकडची.

कोल्हापूरकरांना विशेष वाटावे ते तिचे कुळ. या नगरीचे जुने नाव करवीर, आणि करवीर म्हणजे कण्हेर. करवंद त्याच कण्हेरीच्या कुळातले आहे. पांढरा चीक, समोरासमोरची चिवट पाने आणि भिरभिऱ्याप्रमाणे एकीची कड दुसरीवर चढलेल्या पाच पाकळ्या ही या नात्याची खूण. हे कुळ विषासाठी प्रसिद्ध आहे. कण्हेरीतली द्रव्ये हृदयाची गती बिघडवतात, आणि करवंदीच्या अगदी जवळच्या नात्यातल्या अ‍ॅकोकँथेरा या झाडांपासून पूर्व आफ्रिकेत बाणांना लावायचे विष काढत असत. अशा घराण्यात मुलांनी झुडपावरूनच तोडून खावे असे फळ यावे, याचे मला फार अप्रूप वाटते. रुईचे किंवा कण्हेरीचे फळ वाळून उकलते आणि केसाळ बिया वाऱ्यावर सोडते. करवंदीचे फळ मात्र गराचे असते, म्हणजे तिने बियांचा प्रवास वाऱ्याऐवजी पक्ष्यांवर आणि प्राण्यांवर सोपवला आहे.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या जांभ्याच्या उघड्या माळावर या जाळीचे मोल कळते. तिथे गुरे चरतात आणि कोवळे रोप सहसा टिकत नाही. पण जाळीवर बसलेल्या बुलबुलाच्या विष्ठेतून बी खाली पडले, तर ते सावलीत, पाचोळ्याच्या ओलाव्यात रुजते, आणि गुराचे तोंड तिथवर पोहोचत नाही. जाळीच्या मधून वर डोके काढणारे जांभळाचे किंवा अंजनीचे झाड दिसले, तर त्याचे बालपण बहुधा असेच गेलेले असते. जळणासाठी किंवा जमीन सपाट करण्यासाठी जाळी तोडली की हा आडोसाही जातो.

ती पुन्हा लावायची असेल, तर फळातून काढलेल्या चपट्या बिया साठवून ठेवू नयेत. त्यांची उगवणशक्ती लवकर संपते. पिकलेल्या करवंदातले बी धुऊन त्याच आठवड्यात, पहिल्या पावसाच्या सुमारास, मातीत टाकावे.